प्रकल्प नोंदी: हेलियम, साठ मीटर आणि पाटीवरचे आकडे

१४ जानेवारी

नवी वही, नवा प्रकल्प. १८/४५ ट्रायमिक्सवर पाण्याखाली ६० मीटरपर्यंत जायचं आणि दोन डेको गॅस, म्हणजे वर येतानाच्या थांब्यांवर श्वासात घ्यायचे जास्त ऑक्सिजनचे गॅस, वापरून ठरल्या वेळापत्रकाने वर यायचं, एवढंच उद्दिष्ट. १८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम, उरलेला ३७ टक्के नायट्रोजन. जोडीदार तोच, गेली चार वर्षं ज्याच्याबरोबर पाण्यात उतरतोय तो. शिकवायला मॅडम. पहिल्याच फोनवर त्यांनी विचारलं, "हेलियम कशाला हवाय तुम्हाला?" मी म्हणालो, खोल जायला. "खोल तर हवेवरही जाता येतं. कशाला हवाय ते लिहून आणा."

लिहितो. गेल्या मोसमात हवेवर ४८ मीटरची डाइव्ह केली. वर आलो तेव्हा मस्त वाटत होतं, डोकं साफ, सगळं आठवतंय. मग पाण्याखाली लिहायची पाटी पाहिली. आठव्या मिनिटाला टाकीचा दाब १४० लिहिला होता. बाराव्या मिनिटाला पुन्हा १४०. खाली तिसरी ओळ होती, ती आजवर मला वाचता आलेली नाही. अक्षर माझंच, पण झोपेत लिहिल्यासारखं. जोडीदाराचं म्हणणं, त्याने मला दोनदा दाब विचारला आणि दोन्ही वेळा मी आनंदाने 'ओके'ची खूण केली.

मला हे आठवत नाही. डाइव्ह छान झाली एवढंच आठवतं. म्हणून हेलियम.

ती पाटी पुसलेली नाही. कपाटात आहे.

१९ जानेवारी

गणिताचा दिवस. ६० मीटरवर एकूण दाब ७ बार. हवा घेऊन गेलं तर नायट्रोजनचा आंशिक दाब (एकूण दाबातला त्याचा वाटा) ५.५ बार आणि ऑक्सिजनचा १.४७, म्हणजे तळावर पाळायची १.४ ची मर्यादाही ओलांडलेली. १८/४५ घेतलं तर नायट्रोजन २.५९ वर येतो आणि ऑक्सिजन १.२६ वर. दाबाखालचा नायट्रोजन झिंग आणतो. त्याच्यापुरता हिशेब केला तर ही नशा हवेवरच्या २३ मीटरएवढी. मॅडम मात्र ऑक्सिजनलाही नशा आणणारा गॅस धरतात, मग वगळायचा तो फक्त हेलियम. उरलेले ५५ टक्के गुणिले ७ म्हणजे ३.८५ बार, हवेच्या भाषेत २८.५ मीटर. ऑक्सिजन खरंच किती झिंगवतो यावर वाद आहे, पण धरला तर चूक सुरक्षित बाजूला होते. आम्ही धरायचं ठरवलं.

हे थोडंफार वाचून गेलो होतो. घनतेबद्दल मात्र कधी विचारच केला नव्हता. हवा पृष्ठभागावर लिटरला साधारण १.३ ग्रॅम भरते. ६० मीटरवर सातपट, म्हणजे ९ ग्रॅमच्या वर. फुप्फुसांना प्रत्येक श्वासाला हा दाट गॅस आत ओढायचा आणि बाहेर ढकलायचा असतो. २०१६ मध्ये गॅविन अँथनी आणि सायमन मिचेल या डाइव्हिंग संशोधकांनी मांडलेली शिफारस अशी: शक्यतो ५.२ ग्रॅमच्या आत राहा, ६.२ च्या पलीकडे जाऊ नका. हवेवर ५.२ हा आकडा साधारण ३० मीटरलाच गाठला जातो. १८/४५ वर ६० मीटरला ५.६ येतो. म्हणजे आमचं मिश्रणही आदर्श नाही, चालण्याजोगं आहे.

गॅस दाट झाला की कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही. तो साठतो, धाप लागते, धापेने काम वाढतं, कामाने तो आणखी साठतो. डाइव्हर डेव्हिड शॉ ८ जानेवारी २००५ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या बूसमान्सगाट विवरात २७० मीटरवर मेला तो याच फेऱ्यात. त्याच्या शिरस्त्राणावर कॅमेरा होता, म्हणून त्याचे शेवटचे श्वास पुढे अभ्यासकांना मोजता आले. हेलियम त्याच्याकडेही होता, पण त्या खोलीला आणि त्या श्रमाला तो पुरला नाही. मॅडमनी हे दोन वाक्यांत सांगितलं आणि पुढच्या पानावर गेल्या. मी त्या पानावर बराच वेळ अडकलो.

हेलियम नशेसाठी घ्यायचा, असं मी परवा लिहिलं होतं. अर्धंच लिहिलं होतं.

२५ जानेवारी

डीकंप्रेशन, म्हणजे शरीरात विरघळलेला गॅस थांबत थांबत वर येऊन बाहेर काढणं. त्यासाठीच्या ब्यूलमन यांच्या गणितात शरीराचे १६ कप्पे, प्रत्येकाचा भरण्या-रिकामा होण्याचा अर्धकाल वेगळा. नायट्रोजनसाठी सर्वांत मंद कप्पा ६३५ मिनिटांचा, हेलियमसाठी तोच २४० चा. गुणोत्तर २.६५. हा आकडा कुठून आला? नायट्रोजनचा रेणू २८ चा, हेलियमचा अणू ४ चा, २८ भागिले ४ चं वर्गमूळ. इतकं साधं. हेलियम भरभर आत शिरतो आणि भरभर बाहेर पडतो. वर येताना उतावीळपणा केला तर तो जास्त भरभर बुडबुडे करतो, ही त्याचीच दुसरी बाजू.

खोल थांब्यांवर जोडीदाराने हुज्जत घातली. रिचर्ड पाइल हे मत्स्यअभ्यासक. खोल पाण्यातून मासे वर आणताना त्यांच्या हवेच्या पिशव्या मोकळ्या करायला ते मध्येच थांबत, आणि अशा दिवशी आपल्याला थकवा कमी येतो असं त्यांच्या लक्षात आलं. त्यावरून खोल थांब्यांची लाट आली. जोडीदार त्या लाटेत शिकलेला. पुढे अमेरिकी नौदलाच्या प्रयोगात, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, खोल थांबे घेणाऱ्यांमध्येच जास्त जणांना डीकंप्रेशनचा आजार झाला. कारण कळायला सोपं आहे: तुम्ही खोलवर थांबता तेव्हा मंद कप्पे अजून भरतच असतात. ग्रेडियंट फॅक्टर, म्हणजे गणिताच्या मर्यादेच्या किती टक्के जवळ जायचं ते, ५०/८० ठरले. जोडीदार गप्प बसला, पटलं म्हणून की कंटाळला म्हणून, ते कळलं नाही.

एक मुद्दा माझ्या डोक्यात अजून खुपतोय. २१ मीटरवर १८/४५ सोडून ५० टक्के नायट्रॉक्स, म्हणजे निम्मा ऑक्सिजन आणि निम्मा नायट्रोजन, घ्यायचा. हेलियम ४५ वरून शून्यावर, नायट्रोजन ३७ वरून ५० वर. पाचव्या हिश्शाचा नियम सांगतो की नायट्रोजनची वाढ हेलियमच्या घटीच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नको, नाहीतर कानाच्या आतल्या भागात एक गॅस बाहेर पडण्याआधी दुसरा शिरतो आणि पाण्यातच भोवळ येऊ शकते. घट ४५, पाचवा हिस्सा ९, वाढ १३. नियम मोडला. मॅडम म्हणाल्या, "मोडतो. या खोलीच्या डाइव्हमध्ये लोक सर्रास हाच बदल करतात. नियम ठाऊक असू दे. अजून खोल, जास्त हेलियम, जास्त वेळ अशी डाइव्ह कधी केलीत तर तिथे त्याचं ऐका." उत्तर प्रामाणिक होतं. समाधान झालं नाही.

२ फेब्रुवारी

टाक्या भरल्या. १२-१२ लिटरची जोडटाकी, २०० बारपर्यंत. क्रम ठरलेला: आधी हेलियम, मग ऑक्सिजन, वरून हवा. हेलियम ९० बार. राहिले ११०. एकूण ऑक्सिजन ३६ बार हवा, त्यातला काही हवेतून येणार. हिशेब केला: ऑक्सिजन १६.३, हवा ९३.७. वहीत दोनदा, जोडीदाराने त्याच्या वहीत एकदा. आकडे जुळले.

ऑक्सिजन भरताना घाई केली की दाबला जाऊन गॅस तापतो, आणि त्याच वाटेत ग्रीसचा ठिपका असला तर तो पेटतो. म्हणून टाक्या, व्हॉल्व्ह, नळ्या ऑक्सिजनसाठी स्वच्छ केलेल्या असाव्या लागतात आणि व्हॉल्व्ह केसाएवढा उघडायचा. १६ बारला लागलेला वेळ हेलियमच्या ९० पेक्षा जास्त वाटला. मी मध्येच व्हॉल्व्ह जरा जास्त फिरवला. मॅडमनी काही न बोलता माझा हात धरून मागे फिरवला.

थंड व्हायला रात्रभर ठेवल्या. सकाळी तपासलं: ऑक्सिजन १८.६, हेलियम ४३.१. हिशेब बरोबर होता, चुकला नियम. आपण शाळेत शिकलेला आदर्श वायू कागदावर राहतो. दाब चढत जातो तसा हेलियम त्या नियमाने सांगितल्याएवढा दबत नाही, त्यामुळे ९० बार दिसले तरी आत ९० बारच्या हिशेबाचा हेलियम नसतो. पुढच्या वेळी दोन-तीन बार जास्त घालायचा. आजच्या मिश्रणावर ६० मीटरची नशा ३० मीटरएवढी येते, जेमतेम. चालेल. टाकीवर चिकटवायच्या पट्टीवर मात्र तपासलेला आकडा, ठरवलेला नव्हे: १८.६/४३.१, तारीख, कमाल खोली, माझी सही.

हेलियम मोजणारं यंत्र आवाजाचा वेग पाहतं. हेलियममधून आवाज हवेच्या जवळजवळ तिप्पट वेगाने जातो, फुगा ओढल्यावर आवाज चिरका होतो तो त्याचमुळे. पार्टीतला हा विनोद इथे माझ्या टाकीत काय आहे ते सांगतो. हा गॅस पहिल्यांदा सापडला तोही पृथ्वीवर नव्हे: १८६८ मध्ये सूर्याच्या वर्णपटात एक अनोळखी पिवळी रेघ दिसली, पृथ्वीवर तो हाती लागायला १८९५ उजाडलं. तो आता माझ्या पाठीवर.

५ फेब्रुवारी

उथळ पाणी, १० मीटर, टाकीत साधी हवा. व्हॉल्व्हचे सराव. उजवा बंद, श्वास संपेपर्यंत ओढायचा, राखीव रेग्युलेटर (टाकीचा गॅस श्वासात देणारं साधन) तोंडात, उजवा पुन्हा उघडायचा. मग मधला, म्हणजे दोन टाक्या जोडणारा आयसोलेटर. मग डावा. हात डोक्यामागे, ड्रायसूट (आत पाणी न येऊ देणारा पोशाख) आखडतो, आणि हे सगळं करताना खोली अर्धा मीटरही हलता कामा नये. पहिल्या फेरीत मी दीड मीटर वर तरंगलो. दुसरी बरी झाली. तिसरी चांगली झाली असं वाटलं.

चांगली झाली नव्हती. सरावानंतर पोहत राहिलो, नेमाप्रमाणे दर काही मिनिटांनी पाटीवर दाब लिहीत होतो. १५०. पुढे १५०. बारा मिनिटांनी पुन्हा १५०. हात थांबला. या खोलीवर मी मिनिटाला ३६ लिटर ओढतो, बारा मिनिटांत जोडटाकीतून १८ बार कमी व्हायलाच हवेत. काटा हलला नाही याचा अर्थ काटा वेगळ्या टाकीचा दाब दाखवतोय. आयसोलेटर बंद राहिला होता. दाबमापक डाव्या टाकीवर, मी श्वास घेत होतो उजव्या टाकीतून. उजवीतले ३६ बार गेलेले आणि मला दिसतंय ते डावीतलं न वापरलेलं १५०. हात मागे नेऊन उघडला. सळसळ ऐकू आली, काटा १३२ वर आला.

मॅडमना सगळं आधीच दिसलं होतं. त्या मागे राहून बघत होत्या, मला किती वेळ लागतो ते.

रात्री झोप आली नाही. कपाटातली पाटी काढली. आठव्या मिनिटाला १४०, बाराव्याला १४०. इतके दिवस मी याला नशा म्हणत होतो. झिंगेत आधीचाच आकडा परत लिहिला, असं. पण त्या दिवशीही उतरताना व्हॉल्व्ह तपासले होते. तेव्हा आयसोलेटर बंद राहिला असेल तर? ४८ मीटरवर मी मिनिटाला १०४ लिटर ओढतो. चार मिनिटांत उजव्या टाकीतले ३५ बार. काटा खरंच १४० दाखवत असेल आणि मी खरंच तो बघून लिहिला असेल. मग मी झिंगलेला होतो की बरोबर वाचत होतो?

कळायला मार्ग नाही. साक्षीदार एकच आणि तो शुद्धीवर नव्हता. तिसरी ओळ वाचता आली असती तर कदाचित समजलं असतं.

८ फेब्रुवारी

व्हॉल्व्ह. दिवसभर. लिहिण्यासारखं काही नाही.

११ फेब्रुवारी

गॅस बदलण्याचे सराव, ३० मीटरवरून वर. सगळ्या टाक्यांत हवाच, पट्ट्या मात्र खऱ्या: ५० टक्के, कमाल २१ मीटर, ऑक्सिजन, कमाल ६ मीटर. आकडे तळहाताएवढे मोठे, जोडीदाराला लांबून वाचता यावेत म्हणून. बदलण्याचा क्रम: पट्टी वाचायची, जोडीदाराला दाखवायची, व्हॉल्व्ह उघडायचा, नळी टाकीपासून तोंडापर्यंत हाताने चाचपत आणायची, जोडीदाराने मान डोलावली की मगच तोंडात.

त्याने मान डोलावण्याआधीच मी रेग्युलेटर तोंडात घातला. मॅडमनी समोर येऊन पाटी धरली: "तू गेलास." टाकी चुकीची नव्हतीच, पण त्यांना ते महत्त्वाचं नव्हतं. पाण्याबाहेर आल्यावर हिशेब त्यांनी माझ्याकडूनच करून घेतला. २१ मीटरवर चुकून शुद्ध ऑक्सिजन घेतला तर ३.१ बार. डेकोमध्ये मर्यादा १.६, तीही मोजक्या मिनिटांसाठी, कारण १.६ ला नोआ या अमेरिकी सागरी-हवामान संस्थेच्या तक्त्यात एकूण ४५ मिनिटंच आहेत. ३.१ ला केव्हाही झटके येतील, आणि पाण्यात झटका आला की रेग्युलेटर तोंडातून सुटतो. पुढचं बोललं नाही कोणी.

जोडीदार चिडला माझ्यावर. बरोबर चिडला. "मी मान हलवेपर्यंत थांब ना रे. तेवढंच तर काम आहे माझं तिथे."

१५ फेब्रुवारी

गॅसचं नियोजन. इथे आमचं दोघांचं चांगलंच जुंपलं.

माझा श्वास पृष्ठभागावर मिनिटाला १८ लिटर, ६० मीटरवर १२६. २० मिनिटं तळावर राहायचं तर २५२० लिटर. जोडटाकीत २०० बार गुणिले २४ म्हणजे ४८०० लिटर. जोडीदार म्हणाला, भरपूर आहे.

मग राखीव गॅस काढला. सर्वांत वाईट क्षण: तळावरचं शेवटचं मिनिट, एकाचा गॅस पूर्ण संपला, दोघं एकाच टाकीवर, दोघंही घाबरलेले. प्रत्येकाला मिनिटाला ३० लिटर धरले. गोंधळ निस्तरायला २ मिनिटं ७ बारवर, मग मिनिटाला ९ मीटरने २१ मीटरपर्यंत, म्हणजे ४.३ मिनिटं सरासरी ५.०५ बारवर. १४ आणि २१.९, बेरीज ३५.९. गुणिले ६० म्हणजे २१५० लिटर. काट्यावर ९० बार. ९० दिसले की निघायचं, काम अर्धवट असलं तरी.

४८०० मधून २१५० गेले, उरले २६५०. लागणार २५२०. शिल्लक १३० लिटर, म्हणजे तळावर एका मिनिटाचा श्वास. जोडीदाराचं म्हणणं, बसतंय ना गणितात? माझं म्हणणं, भरताना तीन बार कमी निघाले तरी ही शिल्लक निम्म्यावर येते. मॅडमनी दोघांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "१८ मिनिटं केलीत तर काय बिघडतं?" कोणाकडेच उत्तर नव्हतं. तळवेळ १८, उतरणं धरून. डेको आणि वर येणं धरून चाळीसेक मिनिटं.

५० टक्क्यांची टाकी हरवली तर काय, ऑक्सिजनची हरवली तर काय, तीन मिनिटं उशीर झाला तर काय, पाच मीटर खोल गेलो तर काय. चार वेगळी वेळापत्रकं, चारही मनगटाच्या वहीत. डाइव्ह कॉम्प्युटर दोन असले तरी.

१८ फेब्रुवारी

जोडीदाराला सर्दी, कान उघडत नाहीत. रद्द. त्याने स्वतःच सांगितलं, आधी लपवायचा.

२२ फेब्रुवारी

ट्रायमिक्सवर पहिली डाइव्ह, ४५ मीटर.

उतरताना वाट बघत होतो की झिंग कुठे चढते. पस्तिशीच्या आसपास मला नेहमी एक गुबगुबीत सुख वाटायला लागतं, कडा मऊ होतात. आज काही नाही. काटा होता तिथे काटा, दगड होता तिथे दगड. श्वास हलका, रेग्युलेटर जणू दहा-बारा मीटरवर असल्यासारखा. तळावर मॅडमनी पाटीवर बेरजा दिल्या. तिन्ही बरोबर, आणि अक्षर माझं, टेबलावर बसून लिहितो तसंच.

गारठा मात्र जाणवला. हेलियम हवेच्या जवळजवळ सहापट उष्णता वाहून नेतो, म्हणून ड्रायसूटमध्ये तो भरायचा नसतो. आम्ही सूटसाठी वेगळी छोटी हवेची टाकी घेतलीय. तरी डाव्या मनगटाच्या सीलमधून पाणी शिरलं, आणि डेकोच्या शेवटच्या दहा मिनिटांत बोटांना चिमटा उघडेना.

२४ फेब्रुवारी

५२ मीटर. तळावर मॅडमनी जोडीदाराचा गॅस "संपवला". त्याने खूण केली, मी तोंडातला लांब नळीचा रेग्युलेटर दिला, गळ्यातला राखीव स्वतःला घेतला. त्याने दोन श्वास घेतले, आम्ही हाताला हात धरून निघालो. २१ मीटरवर त्याची ५० टक्क्यांची टाकी "हरवली". माझी आळीपाळीने वापरली. ६ मीटरवर पृष्ठभागावर खुणेचा फुगा सोडला, दोरा गुंतला नाही. पाण्याबाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "ठीक." त्यांच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच ऐकला.

२८ फेब्रुवारी

६० मीटर.

टाक्या काल भरल्या, यावेळी हेलियम ९३ बार घातला. तपासणीत १८.२/४४.६. उतरण्याआधी प्रत्येक व्हॉल्व्ह जोडीदाराच्या हाताने, माझ्या हाताने, आयसोलेटर दोनदा. आकडे मोठ्याने बोलून दाखवले: राखीव ९०, तळवेळ १८, बदल २१ आणि ६.

तीन मिनिटांत खाली. वर पाहिलं तर उजेडाची एक फिकट चकती. आणि तिथे मला भीती वाटली. साधी, स्वच्छ भीती, की आपण पृष्ठभागापासून साठ मीटरवर आहोत आणि मध्ये चाळीस मिनिटांचं कर्ज आहे. हवेवर ४८ ला ही कधी वाटली नव्हती. तेव्हा ती नशेने झाकली होती, एवढंच. मॅडमनी याबद्दल आधी काहीच सांगितलं नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाल्या, ज्याला वाटत नाही त्याच्याबरोबर मी दुसऱ्यांदा उतरत नाही.

श्वास मोजला. सहा आत, सहा बाहेर. भीती गेली नाही, बाजूला बसली.

पाचव्या मिनिटाला १८२. दहाव्याला १५५. पंधराव्याला १२९. प्रत्येक वेळी आधी मनात अंदाज केला, मग काटा पाहिला. तीन बारच्या वर फरक पडला नाही. अठराव्या मिनिटाला ११३, अंगठा वर, जोडीदाराचा अंगठा वर, निघालो.

२१ मीटरवर टाकी काढली, पट्टी वाचली, दाखवली, उघडली, नळी चाचपली. थांबलो. जोडीदार मुद्दाम एक श्वास जास्त थांबला, मग मान हलवली. मास्कमागे हसत होता लेकाचा.

६ मीटरवर ऑक्सिजन. थंडी, कंटाळा, पायाखाली निळं-काळं पाणी. इतका स्वच्छ कंटाळा फार दिवसांनी आला.

१ मार्च

मॅडमनी कागदांवर सह्या केल्या. त्याआधी दोघांकडून चुकांची यादी मागितली. माझ्या यादीत सात निघाल्या. त्यांनी आठवी सांगितली: ९ मीटरच्या थांब्यावर मी दोनदा अर्धा मीटर वर सरकलो होतो. कॉम्प्युटरच्या आलेखात पाहिलं, खरंच दोन दात दिसतात.

पाटीवरचे दाब आणि मिनिटं आलेखातल्या वेळांशी ताडून पाहिले. जुळले. जुनी पाटीही शेजारी ठेवली होती. तिसरी ओळ भिंगातून पाहिली, दिव्याखाली तिरकी धरून पाहिली. पहिलं अक्षर "आ" असावं. आयसोलेटरचा "आ", की "आता वर" मधला "आ", की "आहे ठीक"? जोडीदार म्हणतो तो "आ" नाहीच, "३" आहे.

बाकी कामं: डाव्या मनगटाचं सील बदलणं. जोडटाकीत ९६ बार मिश्रण उरलंय, ते सोडून द्यायचं नाही. पुढच्या भरण्याचा हिशेब उरलेलं धरून करायचा, म्हणजे हेलियम ९३ नव्हे, त्यातून आतला साधारण ४३ वजा. आयसोलेटरच्या मुठीवर रंगाची खूण करायची, उघडा असताना जोडीदाराला मागून दिसेल अशी. आणि ऑक्सिजन तपासणीचा सेल दीड वर्ष जुना झालाय, तो आधी.